माणसं नको मोजू, चुली मोज

पत्र असं आहे:

"ताई, मी जळगाव जिल्ह्यात पाचोरा तालुक्यातल्या एका गावची, नोकरीला पुण्यात. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, दोन दिवसांनी गावातच, घरासमोर मांडव टाकून माझं लग्न आहे. नवरदेव सातारकडचा, त्यांची ६०-७० माणसं येतील आणि आमची ७०० तरी. बाबा म्हणतात पत्रिका छापा, टॉवेल-टोपी वाटा, झालं. मला काहीतरी वेगळं करायचंय. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवावी असं वाटतं पण घरात त्यावरून वाद चाललेत. पाहुण्यांना द्यायच्या भेटवस्तूंसाठी मी माझ्या पगारातले ५० हजार बाजूला ठेवलेत, नाव टाकलेली सेंटेड कँडल आणि चॉकलेटचा बॉक्स असं मनात आहे. आणि अजून एक. माझी फुई, म्हणजे बाबांची मोठी बहीण, तिच्याकडे राहून मी शाळा शिकले. तिचे यजमान गेल्यापासून ती कुठल्याच कार्यात पुढे येत नाही, मागे चुलीपाशीच बसते. मला पहिली हळद तिच्या हातची हवी आहे. घरात बोलायची हिंमत होत नाहीये. काय करू?"

अगं, सगळ्यात मोठी गोष्ट तू सगळ्यात शेवटी लिहिलीस. मी पण तिच्याकडे शेवटीच येते, पण ती डोक्यात ठेवूनच बाकीचं लिहितेय.

आधी ते कँडल आणि चॉकलेट. आखाजीनंतर म्हणजे एप्रिलचा शेवट किंवा मे, आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकलेला असतो, तुझे पाहुणे जीपमध्ये, एसटीत, मोटरसायकलवर येणार आणि तसेच परत जाणार. चॉकलेट मांडवातच पातळ होईल आणि कँडल घरी पोचेपर्यंत वाकडी. आणि समज नीट पोचली तरी पारोळ्याच्या तुझ्या मावशीने त्या कँडलचं करायचं काय, ती शोकेसमध्ये ठेवेल आणि वर्षभर धूळ पुसेल. हे मी तुला नावं ठेवायला सांगत नाहीये, आमच्या घरी मे महिन्यातल्या एका लग्नात मीच हौसेने ३०० रोपं वाटायला आणली होती, तुळस, कडुनिंब, मोगरा, पिशव्यांवर नवरानवरीचं नाव, फोटो इतके छान आले की विचारू नकोस, आणि संध्याकाळी मांडव सोडताना खुर्च्यांखाली निम्मी रोपं तशीच पडलेली, माना टाकलेली. मला रडूच आलं. लोकांची चूक नव्हती, लांबून आलेल्या बाईच्या एका हातात पोर, दुसऱ्या हातात पिशवी, ती रोप धरणार कशात. तेव्हापासून मी कोणालाही एवढंच विचारते की हे घेऊन माणूस घरी जाईल कसं आणि घरी गेल्यावर त्याचं करेल काय, एवढी दोन उत्तरं मिळाली की वस्तू आपोआप ठरते.

आता हिशोब. तू ७७० माणसं धरतेस आणि ५० हजार, म्हणजे डोक्यामागे ६५ रुपये. ६५ रुपयांत जे येतं ते कोणी सांभाळून ठेवत नाही. पण आपल्याकडे आवतन माणसाला नसतं ना, चुलीला असतं. चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटणार नाही, सगळं घर आपल्याकडे जेवायला. मग भेट पण चुलीमागे एकच दे. ७७० माणसं म्हणजे अंदाजे २०० चुली, थोड्या जास्तीच्या धरून २२० म्हण, एका चुलीला सव्वादोनशे रुपये आले. यात खरंच काहीतरी देण्यासारखं देता येतं.

तर पहिलं काम हे कर, एक २०० पानी वही घे, आजी आणि आईला समोर बसव आणि चुली लिहून काढ. मोबाईलमध्ये एक्सेल शीट कर नंतर, आधी वही, कारण आजी वहीसमोर बोलते, स्क्रीनसमोर गप्प बसते. गल्लीने गल्ली, गावाने गाव. आणि एक गोष्ट नीट बघ, एका घरात दोन भाऊ राहत असतील आणि वेगळे निघालेले असतील तर त्या दोन चुली, दोन आवतनं. लग्नातले निम्मे रुसवेफुगवे इथे जन्माला येतात, "मोठ्याला पत्रिका दिली, आम्ही काय त्यांच्या पदरात जेवतो का". हे तुला पुण्यात बसून कळणार नाही, आजीला पाठ असतं कोण कधी वेगळं निघालं. प्रत्येक चुलीपुढे चार गोष्टी लिही: आवतन कोण द्यायला जाणार, माणसं किती, म्हातारं किंवा आजारी कोणी आहे का, आणि भेट दिली की बरोबरची खूण. या एका वहीवर तुझी पत्रिका, जेवण, भेटवस्तू सगळं चालेल.

पत्रिकेचा वाद. यात तुझंही बरोबर आहे आणि बाबांचंही, कारण तुम्ही दोघं वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलताय. पुण्याच्या ऑफिसच्या लोकांना व्हॉट्सअ‍ॅपच बरं, त्यांना छापील पत्रिकेचं काही नाही, त्यांना तारीख लवकर हवी. रेल्वेचं आगाऊ रिझर्वेशन १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे तारखेचा साधा मेसेज ७०-७५ दिवस आधी टाक, पत्रिका मागून येऊ दे. त्या मेसेजात जळगाव किंवा चाळीसगावला उतरलात तर पुढे गाडी कोण पाठवणार ते लिही, रात्री राहायची सोय कुठे ते लिही, आणि कोणाला एक दिवस जास्त काढायचा असेल तर अजिंठा लेणी जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर आहेत हेही लिही, फक्त सोमवारी लेणी बंद असतात तेवढं सांगून ठेव.

व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवताना फोटो, पीडीएफ नाहीतर व्हिडिओच पाठव. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल पाठवून मोबाईलमधली माहिती आणि बँकेतले पैसे काढून घ्यायचे प्रकार २०२४ पासून पोलीस वारंवार सांगतायत, त्यामुळे काकांच्या पिढीला आता पत्रिका उघडायचीच भीती बसलीय. कुठलंही अ‍ॅप, कुठलीही लिंक नको. आणि फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नको, एकेकाला नाव घेऊन पाठव, खाली दोन ओळी स्वतः बोललेला व्हॉइस मेसेज जोड. "काका, मी बोलतेय, यायचं हं" एवढं पुरतं.

पण गावातल्या आणि सोयऱ्यांच्या चुलींना माणूसच गेलं पाहिजे. कुंकू-अक्षता घेऊन उंबऱ्यात उभं राहायचं, पाणी प्यायचं, पाच मिनिटं बसायचं. आपल्याकडे लोक पत्रिका वाचत नाहीत गं, पत्रिका घेऊन कोण आलं ते बघतात. इथे तुझं ते वेगळं काहीतरी करता येईल. शनिवार-रविवार गावी येशील तेव्हा निदान २५-३० चुलींना तू स्वतः जा. नवरी स्वतः आवतन द्यायला आली हे तुझ्या गावात कोणी पाहिलं नसेल, काही म्हाताऱ्या "असं नसतं बाई" म्हणतील आणि मग तुझा हात धरून बसवून घेतील. ज्या मास्तरांनी शिकवलं, ज्या काकू दूध द्यायच्या, शेतात वर्षानुवर्षं येणारे सालदार आणि त्यांचं घर, यांच्याकडे तर बाबांना पाठवूच नको, तूच जा.

छापील पत्रिका छापायचीच, पण २५० च्या वर नको, चुली तेवढ्याच आहेत. त्यातलं निमंत्रकांच्या नावांचं लांबलचक कोष्टक, आप्पासाहेब, नानासाहेब, चेअरमन, माजी सरपंच, तुला ते काढून टाकावंसं वाटत असेल. काढू नको. एक नाव गळलं तर बाबांना पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं आणि लग्न बाबांचंही आहे. मागच्या पानावर घे, बारीक टाईपात घे, पण ठेव. फक्त एक बदल कर आणि त्यावर ठाम राहा. आपल्या पत्रिका काढून बघ, काका सगळे असतात आणि काकू एकही नसते. पापड कोणी लाटले, शेवया कोणी वळल्या, रुखवत कोणी भरलं, हळद कोणी कुटली, ती माणसं पत्रिकेत नाहीतच. तर प्रत्येक काकाच्या नावाशेजारी काकूचं नाव, आणि सगळ्यात वर आजीचं, आईचं आणि फुईचं. छापखान्यात दोन ओळी वाढतात, बाकी काही नाही. बाबांना हे भांडून नको, वही लिहून झाल्यावर त्याच वहीतून दाखव.

मजकूर अर्धा आपल्या बोलीत कर. म्हणजे वर मुहूर्त, स्थळ वगैरे नेहमीच्या मराठीत, सातारच्या लोकांना कळलं पाहिजे, आणि खाली आजीच्या आवाजात दोन-तीन ओळी, "आमना घर लगीन शे, तुम्हले चूलबंद आवतन शे, समदा जन या बरं" अशा. पण माझ्या ओळी उचलू नको, आजीला बोलायला लाव आणि ती जसं म्हणेल तसंच लिही, कारण आपली बोली गावागणिक बदलते, तुमच्याकडची अहिराणी वेगळी, जामनेरकडे गेलं की तावडी, यावल-रावेरला लेवा गणबोली, आणि आपल्या गावचं नाही हे लोकांना एका शब्दात कळतं.

आता भेटीच्या पिशवीत काय. मी असं भरेन: केळीचे वेफर्स पाव किलो, बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं एक पाकीट आणि एक छोटी पुडी कळण्याच्या पिठाची, सगळं साध्या कापडी पिशवीत, पिशवी अशी की उद्या बाजाराला नेता येईल. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तरी आपण पाहुण्यांना बाहेरून आणलेली काजूकतली देतो, मला हे खरंच पटत नाही. वेफर्स मात्र लग्नाच्या ४-५ दिवस आधीच तळून घे, जुन्या तेलाचे असले तर उन्हात लगेच खवट होतात. बिबडे आपल्याकडे चैत्र-वैशाखातच होतात, ज्वारी भिजवून, कांडून, लसूण-मिरची-तीळ घालून, म्हणजे तुझ्या लग्नाच्या तोंडावर अगदी ताजे मिळतील. गावातल्या बचत गटाला होळीच्या आधी सांग आणि निम्मे पैसे आगाऊ दे, आगाऊ दिल्याशिवाय त्या बायकांनी ज्वारी आणि लसूण आणायचा कुठून. तुझे ५० हजार तुझ्याच गावातल्या बायकांच्या हातात पडतील. सातारकडच्या आणि पुण्याच्या पिशवीत एक चिठ्ठी घाल, बिबडा तळायचा किंवा भाजायचा, कच्चं तेल आणि शेंगदाण्यासोबत खायचा, आणि कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, ठेच्यासोबत. नाहीतर ते पीठ तिकडे डब्यातच राहील.

टॉवेल-टोपी बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्यांचा मान आहे त्या १५-२० वडीलधाऱ्यांना बाबांच्या हाताने देऊ दे, फक्त टोपी डोक्याला बसेल अशी आणि टॉवेल पाणी पुसेल असा घ्या. दरवर्षी तोच जाळीचा टॉवेल या लग्नातून त्या लग्नात फिरत असतो.

अजून एक वस्तू मला तुझ्या लग्नासाठी फार योग्य वाटते, हातपंखा. जाड पुठ्ठ्याचा, बांबूच्या काडीचा, ५०० नग जळगावच्या कुठल्याही छापखान्यात होतील. एका बाजूला आजीचं ते आवतन, दुसऱ्या बाजूला त्या दिवसाचं वेळापत्रक: हळद किती वाजता, लग्न किती वाजता, पंगत कुठे, पाण्याचे माठ कुठे, आणि सातारकरांसाठी बट्टी कशी खायची ते, हाताने चुरायची, वर वरण, मग तूप, मग लिंबू, वांग्याची भाजी शेजारी. मांडवात आल्या आल्या हातात पंखा दिला तर उन्हाने कावलेल्या माणसाला दुसरं काही द्यावंच लागत नाही. पण वेळापत्रक छापलं तर ते पाळावं लागतं, हे बाबांना आणि नवरदेवाच्या मित्रांना आत्ताच सांग. दुपारी साडेबाराचा मुहूर्त आणि लग्न लागतं तीनला, तोवर मिरवणूक नाचतेय आणि म्हातारी माणसं उपाशी उन्हात, हे मी इतक्या लग्नांत बघितलंय की आता बघवत नाही. गुरुजींना गोरज मुहूर्ताचं विचार. संध्याकाळी लग्न, दिवे लागले की पंगत, आणि रात्री १० च्या आत वाजंत्री बंद, तसाही कायदाच आहे तो.

माईकवरचे सत्कार तर अगदीच नको. कोण कोण नेते आले, त्यांना शाल, त्यांचे दोन शब्द, यात पाऊण तास जातो. त्याऐवजी तुझ्या भावाला किंवा चांगला आवाज असलेल्या मामाला पाच मिनिटं माईक दे, आणि गावांची नावं घेऊ दे. "पारोळ्याहून आलेत, भडगावहून आलेत, साताऱ्याहून पहिल्यांदा खान्देशात आलेत", आणि स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याचं, मांडव घालणाऱ्यांचं, बिबडे करणाऱ्या बायकांचं नाव. आपलं गाव माईकवर ऐकलं की माणूस कसा खूश होतो ते बघ.

जेवणाचं थोडंच सांगते, ते तुमच्या आचाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, ताक. भरताचा हट्ट धरू नको, भरीत थंडीतलं, एप्रिलमध्ये ती बामणोदची वांगी आणि ती चव मिळत नाही. आमरस ठेवायचा असेल तर पंगतीच्या अगदी आधी काढायला सांग आणि खव्याची मिठाई, बासुंदी टाळ, एवढ्या उन्हात खवा केव्हा दगा देईल सांगता येत नाही आणि लग्नघरचा पाहुणा दवाखान्यात जाणं ही फार वाईट गोष्ट आहे. ताटं थर्मोकोलची नकोत, २०१८ पासून राज्यात बंदी आहे, केळीची पानं नाहीतर पळसाच्या पत्रावळी घ्या.

आखाजीची तारीख मात्र छान निवडलीस. त्या दिवसांत सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असतात, गल्लीत झोके बांधलेले, गौराईची गाणी चालू, म्हणजे ज्या पोरींसोबत तू खेळलीस त्या सगळ्या गावातच असणार, त्यांना वेगळं बोलवायलाच नको. हळदीच्या रात्री डीजे लावायच्या आधी एक तास बायांना दे. आजी आणि तिच्या बरोबरीच्या तीन-चार जणींना मध्ये बसव, हळदीची गाणी म्हणू दे, कोणीतरी मोबाईलवर नीट रेकॉर्ड करा, पंखा-कूलर बंद करून, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते. ही गाणी कुठे लिहिलेली नाहीत, त्या चौघींनाच येतात.

आणि आता फुई.

लोक काय म्हणतील हे मी तुला खोटं सांगणार नाही, दोन-तीन जणी कुजबुजतील. पण आधी बघ की कोणाला विचारायचंय. सगळ्यात आधी बाबांना नाही, आजीला नाही, फुईलाच. एकटीला, तिच्या घरी जाऊन. ऐन हळदीत सगळ्यांसमोर तिचा हात ओढून पुढे आणू नको, ते तुला प्रेमाचं वाटेल आणि ती मेल्याहून मेल्यासारखी होईल. तिला सांग की मला पहिली हळद तुझ्या हातची पाहिजे, तू लावली नाहीस तर मला लागल्यासारखी वाटणार नाही. ती पहिल्यांदा नाही म्हणेलच, "पोरी, तुझं वाईट व्हायला नको" म्हणेल. ते ती तुझ्या काळजीने म्हणतेय, तिने एवढी वर्षं तेच ऐकलंय. तू पुन्हा जा. तिसऱ्यांदा जा. आवतन द्यायला गेलीस तर पहिली पत्रिका कुलदैवतेला आणि दुसरी तिलाच दे.

ती हो म्हणाली की मग बाबांना सांग. त्यांची ती मोठी बहीण आहे, त्यांच्या मनात पण हे असणारच, फक्त पहिला शब्द कोणी काढायचा म्हणून गप्प असतील. आजीची तर ती लेक. स्वतःची लेक मागे चुलीपाशी बसलेली बघून आजीला काय वाटत असेल गं इतकी वर्षं. गुरुजींनाही आधी सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी कोणी शास्त्र काढणार नाही. आणि गावात कोणी विचारलंच तर बाबांना हे माहीत असू दे की २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि मग राज्य सरकारनेच बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. म्हणजे तू काही जगावेगळं करत नाहीयेस, उशिराच करतोय आपण सगळे. आणखी दोन-तीन अशा बाया गावात असतील, त्यांनाही बोलाव, म्हणजे फुई एकटी पडणार नाही आणि सगळ्यांच्या नजरा एकटीवर खिळणार नाहीत.

समज ती नाहीच म्हणाली, तिसऱ्यांदा गेल्यावरही, तर जबरदस्ती नको. हळद तिला भिजवू दे, वाटी तिच्या हातून घे, आणि बस्त्यात तिच्यासाठी साडी घेताना पांढुरकी, फिकी नको, तिला आवडायचा तो रंग आईला विचार. आईला नक्की आठवत असेल.

वही या शनिवारीच सुरू कर. आजीने पहिलं नाव कोणत्या चुलीचं सांगितलं ते मला कळव.